चौथी नळी

आमच्या वहिनीला घरात भांडण चालतं, नळ टिपकलेला चालत नाही. आम्ही दोघे भाऊ तावातावाने बोलत असलो तरी ती मध्येच हात वर करून आम्हाला गप्प करते, कान देते, आणि उठून न्हाणीघरातली तोटी आवळून येते. मग म्हणते, हं, चालू द्या. थोरला म्हणतो, हिच्याशी लग्न झाल्यापासून मी चोरून उसासासुद्धा टाकलेला नाही.

त्या कानांवर आमच्या कारखान्यातल्या चौदा माणसांचं पोट आहे. ही गोष्ट मी सुखासुखी कबूल करणाऱ्यांतला नाही. तिचा धाकटा दीर आहे मी, तिची थट्टा करणं हा माझा हक्कच आहे. पण जे आहे ते आहे.

आम्ही होड्यांची धडं बनवतो. धड म्हणजे होडीचं खालचं सगळं अंग, पाण्यात बसणारं. अकरा मीटर लांब, आत माणूस उभा राहिला तर फक्त डोकं वर दिसेल इतकं खोल, आणि सगळं एकसंध, कुठे जोड नाही. लोकांना वाटतं, प्लास्टिक वितळवतात आणि साच्यात ओततात. पाहुणे आले की हेच बोलतात, आणि मी दर वेळी चिडतो. ओतत-बितत काही नाही. साच्याला मेण लावून घासायचं, त्यावर रंगाचा थर मारायचा, तो धरला की काचेच्या धाग्यांचं कापड कोरडंच अंथरायचं, थरावर थर. वर जाळी, जाळीवर नळ्या. आणि या सगळ्यावर एक पातळ पारदर्शक पिशवी, कडेने मऊ चिकटपट्टीने साच्याला घट्ट बसवलेली. मग पंप लावून आतली हवा काढायची. पिशवी कापडाला अशी चिकटते की विणीतला धागान् धागा मोजून घ्यावा. त्यानंतर नळीचा कॉक उघडला की पिंपातलं रेझिन, म्हणजे वाळून दगड होणारी पातळ राळ, आपोआप आत ओढलं जातं, आणि पांढरं कापड भिजून गडद होत जातं. चार दिवसांची तयारी आणि तासाभराचा खेळ. त्या तासात पिशवीला टाचणीएवढं भोक असलं तरी हवा आत शिरते आणि धड भंगारात. हे भंगार वितळत नाही, कुणी विकतही घेत नाही. करवतीने तुकडे करायचे आणि ती धूळ नाकात घेऊन घरी जायचं.

वहिनी मुळात शिवणकाम करणारी. गाद्यांच्या खोळी, सोफ्यांची कव्हरं असलं घरी मशीनवर शिवायची. तेव्हा थोरला कारखान्यात ब्रशने आणि रोलरने उघड्यावर रेझिन लावायचा. त्याच्या कपड्यांच्या वासाने डोळे चुरचुरायचे, म्हणून ती त्याला दारातच कपडे बदलायला लावायची. मग ही पिशवीची पद्धत आली. ती शिकवायला एक इंजिनियर आला. त्याने पिशवी चांगली ताणून बसवली, पंप लावला, आणि कोपऱ्यात ती कापडाला टेकायच्या आधीच फाटली. असं तीनदा झालं. थोरल्याने जेवताना ही हकीकत सांगितली, तेव्हा वहिनी म्हणाली की कोपऱ्याला चुण्या दिल्या नाहीत तर खोळसुद्धा फाटते, यात शिकवण्यासारखं काय आहे. दुसऱ्या दिवशी तो तिला बरोबर घेऊनच गेला. तिने पिशवी साच्यापेक्षा चांगली ऐसपैस कापायला लावली आणि हातहातभर अंतरावर उभ्या चुण्या घालत ती चिकटवली. पिशवी कोपऱ्यात जाऊन बसली. इंजिनियर गोरामोरा झाला. त्याला आता एकोणीस वर्षं झाली.

कानाचं नंतर कळलं. हवा काढून झाली की पंप अलग करतात आणि दाबाच्या गेजचा काटा बघत बसतात. काटा हलला की कुठेतरी गळती आहे. मग पंखे बंद, बोलणं बंद. वहिनी चपला काढून साच्याच्या कडेने फिरते, एका कानावर तळहात, दुसरा कान पिशवीपाशी. ज्या जागी बोट ठेवेल तिथे गळती असतेच. मालकांनी मध्ये एकदा गळती ओळखणारं यंत्र आणलं होतं. ते कॉम्प्रेसरपाशी नेलं तरी ओरडायचं आणि मालकांच्या श्वासालाही ओरडायचं. आता ते कपाटात आहे.

कॉक सांभाळायचं काम थोरल्याचं होतं. साच्याच्या तळापासून काठापर्यंत, दोन्ही अंगांना सात-सात नळ्या असतात. रेझिन खालून वर चढतं. ओलीची कड पुढच्या नळीच्या वर चार बोटं गेली की वरून पिशवीवाली बाई म्हणते, ‘आली’. ते ऐकलं की खाली कॉकवाल्याने ती नळी उघडायची. ‘आली’ म्हटल्याशिवाय उघडायची नाही, मग आभाळ कोसळो. कारण नळी आधीच उघडली तर रेझिन त्या नळीतूनही पसरतं आणि खालूनही येतं, आणि दोघांच्या मध्ये कोरड्या कापडाचं बेट अडकतं. त्यातली उरलीसुरली हवा जाणार कुठे? बेट तसंच राहतं, आणि धडाच्या त्या जागी नुसतं कापड असतं, ताकद शून्य.

थोरल्याने बारा वर्षं वहिनीच्या ‘आली’वर कॉक उघडले. त्यांचं बोलणंच तेवढं असायचं, आणि ते ऐकायला बरं वाटायचं. मग रोलरच्या काळात छातीत गेलेली रेझिनची वाफ त्याला नडली. जिना चढताना तो मध्येच भिंतीला धरून उभा राहू लागला. डॉक्टरांनी कारखाना सोडायला सांगितलं. जाताना त्याने मालकांना सांगितलं की माझ्या जागी धाकट्याला उभा करा, त्याची जबाबदारी माझी. मी त्याआधी नुसतं रेझिन मिसळायचो. त्या दिवसापासून मिसळणं आणि कॉक, दोन्ही माझ्याकडे आले. रोज संध्याकाळी तो खिडकीपाशी बसून मला विचारतो, कसं झालं. मी सांगतो. तो डोळे मिटून ऐकतो.

आता माझ्याबद्दल दोन शब्द. मी वाईट कामगार नाही, पण माझं डोकं लवकर तापतं. वहिनीच्या तोंडाकडे बघत उभं राहणं मला पहिल्यापासून जड जायचं. ती घाई म्हणून करत नाही. पिंपातलं रेझिन, एकदा ते घट्ट करणारा हार्डनर पडला की, घड्याळावर चालतं. ते आतून तापत जातं, मग दाट होतं, मग संपलंच. त्याचा ताप माझ्या तळहाताला कळतो, तिला वर उभं राहून काय कळणार, असं मला वाटायचं. बोललो मात्र कधी नव्हतो.

त्या वर्षी दोन धडं भंगारात गेली होती. एक वीज गेल्यामुळे, एक पिशवी साच्याच्या कडेवर उसवल्यामुळे. मालक तसा सभ्य माणूस, पण दुसऱ्या वेळी त्याने सगळ्यांना उभं करून सांगितलं की तिसरं गेलं तर हा साचाच विकून टाकीन, आणि ज्याच्या चुकीने जाईल तो आधी बाहेर. साचा गेला म्हणजे पिशवीवाल्या सात बायका आणि आम्ही सात जण, सगळेच घरी.

त्यानंतरचं धड आम्ही सकाळी दहाला भरायला घेतलं. पत्र्याखाली उकाडा होता. काटा अर्धा तास हलला नव्हता. वहिनीने दोन फेऱ्या मारल्या आणि मान हलवली. मी हार्डनर मोजून घातला, ढवळला, घड्याळ लावलं. पाऊण तासाहून थोडा जास्त वेळ मिळेल असा माझा हिशेब होता. सुपरवायझर पंपापाशी, बायका वरच्या फळ्यांवर, मी खाली पिंपांपाशी. पहिली आली, दुसरी आली. तिसरीनंतर काम अडलं. तिथे इंजिन बसायचं म्हणून कापडाचे थर जास्त होते, आणि डाव्या अंगाला ओल पुढे सरकायलाच तयार नाही. मिनिटं जात होती. मी पिंपाला हात लावला. कोमट. थोड्या वेळाने पुन्हा लावला. कोमटपेक्षा जास्त. वर बघितलं. वहिनी वाकून बघत होती, तोंड बंद.

मी विचारलं, किती राहिलंय. ती म्हणाली, टेकायलाच वीतभर बाकी आहे, थांब. मी थांबलो. मला वाटतं, दीड मिनिट थांबलो असेन. पिंप तापतंय, वर अजून चार नळ्या, रेझिन काठाला पोचायच्या आत दगड होणार आणि माझं नाव पुढे येणार, एवढंच माझ्या डोक्यात. ही बाई आपल्याला बुडवणार, असंही आलं. खोटं कशाला सांगू. मी डाव्या अंगाची चौथी नळी उघडली.

सगळे पिशवीकडे बघत होते. माझ्या हाताकडे फक्त वहिनीने बघितलं. मी लगेच कॉक बंद केला, पण रेझिन काय हाक मारून परत बोलावता येतं? बघता बघता वरची ओल खाली आली, खालची वर चढली, दोन्ही टोकांना जुळली, आणि मध्ये जेवणाच्या ताटाएवढं पांढरं बेट राहिलं. नेमकं इंजिनच्या जागेखाली. एका बाईने ते बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. सुपरवायझर पंप सोडून धावत आला, बघून मटकन खाली बसला. म्हणाला, गेलं.

वहिनी म्हणाली, अजून नाही. दुरुस्तीच्या पेटीतून तिने इंजेक्शनची जाड सुई आणायला सांगितली. रंगाखाली फुगा राहिला तर त्या सुईने रेझिन टोचतो आम्ही. बारीक नळी मागितली, तिचं एक टोक सुईला, दुसरं पंपाला जोडलेल्या रिकाम्या भांड्याला लावायला सांगितलं. सुपरवायझरला हळूहळू उमगलं तसा तो उभाच राहिला. पिशवीला भोक पाडणार? डोकं ठिकाणावर आहे का, असं तो म्हणाला, आणि मी त्याच्या जागी असतो तर तेच म्हणालो असतो. बेटातली हवा सुईने ओढून घेता आली तर आजूबाजूचं रेझिन आत येईल, हे खरं. पण सुईच्या कडेने केसभर हवा शिरली तर सगळ्या पिशवीचा दाब पडणार, आणि मग बेटच नव्हे, सगळंच गेलं. एकोणीस वर्षं ती बाई दुसऱ्यांच्या हातून पडलेली भोकं बुजवत आली होती. स्वतःच्या हाताने तिने एकही पाडलेलं नव्हतं.

पिशवीवर पाय देता येत नाही. म्हणून साच्याच्या आरपार एक फळी टाकली. वहिनी तिच्यावर पालथी झोपली, कमरेपासून पुढे खाली वाकली. मग तिने माझ्याकडे न बघता एका बाईला सांगितलं की तू कॉकपाशी उभी राहा. आणि मला म्हणाली, “तू इकडे ये. माझे पाय धर.”

कॉक माझ्या हातून गेले ते तिथे, चारचौघांत. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मी फळीवर बसून तिचे घोटे धरले. तिने चिकटपट्टीचा अंगठ्याएवढा गोळा मळला, बेटाच्या बरोबर मध्यावर पिशवीवर दाबून बसवला. त्या गोळ्यातूनच सुई खाली घालायची, म्हणजे कडेने हवा शिरायला जागा नाही. तिने सगळ्यांना गप्प केलं. पंखे बंद होतेच. सुई गोळ्यात शिरली. सूं असा आवाज मलासुद्धा ऐकू आला. गेजपाशी उभी असलेली बाई म्हणाली, काटा पडतोय. मान वाकडी करून वहिनीने कान सुईपाशी नेला, दोन बोटांनी गोळ्याची डावी कड दाबली, मग उजवी, मग पुन्हा डावी, जरा मागे. आवाज थांबला. काटा थांबला. सुईच्या नळीतून बुडबुडे जायला लागले.

ताटाचं बेट बशीएवढं झालं. मी घड्याळ बघत होतो. दोन्ही अंगांची पाचवी आली, सहावी आली, ती उलट्या डोक्याने कड बघून सांगत होती आणि खाली कॉकपाशी उभी केलेली बाई उघडत होती. घामाने माझी पकड निसटत होती. तिचं वजन पुढे जात होतं. एकदा ती बोटभर सरकली आणि पिशवीवर कोसळणार असं वाटलं, तेव्हा मी फळीवर आडवाच झालो आणि पाय छातीशी आवळून धरले. देवा, एवढं निघू दे, असं मी म्हणत होतो, आणि मी देवाचं नाव घेणाऱ्यांतला नाही. बेट वाटीच्या बुडाएवढं झालं. मग नाण्याएवढं. मग नळीतलं रेझिन मधासारखं दाट झालं आणि सरकायचं थांबलं. वहिनीने नळीला चिमटा लावला. काठाची सातवी पाचच मिनिटांपूर्वी पोचली होती.

तिला उठवून बसवलं तेव्हा तिच्या घोट्यांवर माझ्या बोटांचे वळ होते. ती पाणी प्यायली. मी पाणी द्यायला पुढे झालो होतो, पण ते दुसऱ्या कुणी दिलं.

सुपरवायझरने त्याच दुपारी तक्ता भरला. बेट अडकलं, सुई लावली, सगळं लिहिलं. ‘कारण’ या रकान्यापाशी थांबून त्याने सगळ्यांकडे बघितलं. मी पिंप खरवडत होतो. मी खरवडतच राहिलो. वहिनी म्हणाली, तो रकाना राहू दे, मालकांशी मी बोलते. ती वर ऑफिसात गेली, दहा मिनिटांनी आली आणि डबा धुवायला लागली. मला वाटलं, घेतलं हिने अंगावर. किंवा कापडाच्या जाडीवर ढकललं. एकदम हलकं वाटलं मला, आणि त्या हलकेपणाची मला आज लाज वाटते.

संध्याकाळी थोरल्याने विचारलं, कसं झालं. मी सांगितलं की बेट अडकलं होतं, वहिनीने काढलं. तो इतका खूश झाला की तिला बोलावून बोलावून विचारत बसला, सुई कशी घातलीस, गोळा केवढा घेतलास. ती सांगत होती. बेट का अडकलं, हे त्याने विचारलं नाही. त्याचा माणूस कॉकवर होता ना.

दुसऱ्या दिवशी पिशवी सोलली. वहिनीने नाण्याने ठोकत ठोकत सगळं धड तपासलं. चांगल्या जागी टणक वाजतं, पोकळ जागी बद्द वाजतं. सुईच्या जागी नखाएवढा पांढरा ठिपका होता, तो घासून भरून घेतला. बाकी टणक. ती माझ्याशी नेहमीसारखी बोलत होती. डब्यात माझ्या आवडीची भाजी होती. तिने एकदा जरी टोमणा मारला असता तरी मी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. ती तेवढीही सोय करून देत नव्हती.

तिसऱ्या दिवशी धड साच्यातून निघालं. पाचर मारल्यावर मेणाचा सुटण्याचा आवाज आला, साखळीने ते वर उचललं, आणि ते पंख्याच्या वाऱ्याने जरासं हललं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. एक जण म्हणाली, वहिनींचं धड. सगळे हसले, मीसुद्धा. आणि हसता हसता मला असं काही झालं की मी हात पुसून सरळ जिना चढलो. वर जाऊन काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. बोललो एवढंच की चौथी मी उघडली, तिने थांब म्हटलं होतं, माझा हिशेब करून टाका.

मालकाने घड्याळाकडे बघितलं. पावणेपाच झाले होते, कारखाना पाचला सुटतो.

“मला माहीत आहे,” तो म्हणाला. “तुझ्या वहिनीने त्याच दुपारी सांगितलं. कुणी उघडली, कशी उघडली, सगळं. आणि म्हणाली, तीन दिवस त्याला काही विचारू नका, तो आपणहून येईल. नाही आला तर मीच त्याला तुमच्यासमोर उभा करीन.” मग म्हणाला, “मी वाट बघायची सोडली होती.”

नोकरी राहिली, धड वाचलं होतं म्हणून. कॉक गेले. उद्यापासून मी पिशवीच्या बायकांत, चिकटपट्टी लावायला, वहिनीच्या हाताखाली.

ती खाली टेबलावर पुढची पिशवी मापत होती. मी रागाने तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. राग कशाचा ते मलाही सांगता आलं नसतं. विचारलं, मी गेलो नसतो तर? तिने माप घेणं थांबवलं नाही.

“मालकांना सांगताना मला काही वाटलं नाही,” ती म्हणाली. “पण तू गेला नसतास तर तुझ्या भावाला मला सांगावं लागलं असतं. ते कसं सांगायचं, मला सुचत नव्हतं.”

त्या संध्याकाळी ती मुद्दाम बाजारात थांबली. मी एकटा घरी गेलो. थोरला खिडकीपाशी होता. त्याने विचारलं, निघालं का धड नीट? मी उंबऱ्यातच उभा राहून सगळं सांगितलं, वीतभर राहिलं होतं इथपासून. तो ऐकत होता, पण डोळे उघडे होते.

“फळीवर तिचे पाय कुणी धरले होते?” त्याने विचारलं.

“मी.”

“घट्ट?”

“घट्ट,” मी म्हटलं.

त्याने मान हलवली आणि मला आत येऊन बस म्हणून सांगितलं.